भुवईतला होकार

सिडनीच्या सल्लागार कंपनीने आमच्या बेटावर पाठवलेली इमोजेन वाईट मुलगी नव्हती, एवढं आधीच सांगते. नोकरीत नवखी, पण सकाळी माझ्याआधी दवाखान्यात हजर. औषधांचं कपाट तपास, खाटा बघ, बाकावर बायकांशेजारी बसून प्रश्न विचार. इथली बाळंतपणाची खोली चालू ठेवायची, की बंद करून बायकांना बोटीने टोंगाटापूच्या, म्हणजे आमच्या मुख्य बेटावरच्या, मोठ्या इस्पितळात धाडायचं, हे तिच्या सांगण्यावर ठरणार होतं. त्या खोलीत माझे केस पिकले, पण मला नर्सला विचारतो कोण?

जायच्या आदल्या दिवशी चहा पिताना ती म्हणाली, "सिस्टर फुसी, वाईट वाटतं, पण खोली बंद करा असंच मला सांगावं लागेल."

"का गं? आम्ही तुझं काय घोडं मारलं?"

"प्रत्येकीला विचारलं, बाळंतपणाला इथेच येणार का? एकीनेही हो म्हटलं नाही. गप्प बसतात."

"नुसत्या गप्प?"

"भुवया उडवतात. मला वाटलं, प्रश्नाचा राग येतोय."

मी कप आपटला. "अगं शहाणे, तोच आमचा हो. एवढ्याशासाठी तोंड कोण उघडतं इथे?"

ती पांढरीफटक पडली. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू. दंडाला धरून तिला मेलेआनाच्या घरी नेलं. मेलेआनाचे दिवस भरत आले होते. दारात बसून ती चटई विणत होती.

"हिला परत विचार," मी म्हटलं. "आणि तोंडाकडे बघ. मागच्या खेपेला वादळाने आमच्या खोलीचं छप्पर उडालं होतं, तेव्हाचं विचार."

इमोजेन जमिनीवर बसली. "तेव्हा बोटीने गेलात?"

भुवया वर गेल्या.

"बाळ वाटेतच झालं?"

पुन्हा वर.

"बाळ... आहे ना?"

भुवया हलल्या नाहीत. हात तेवढे विणत राहिले.

इमोजेनने डोळे पुसले. "या खेपेला इथेच येणार?"

मेलेआनाच्या भुवया वर गेल्या आणि वरच राहिल्या.

तिथूनच इमोजेनने सिडनीतल्या आपल्या साहेबाला फोन लावला. चूक झाली म्हणाली, माझीच चूक. साहेबाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अहवाल तयार झाल्यावर आता हे? खोली चालू ठेवा, असं तू खात्रीने सांगतेस?"

इमोजेनने भुवया वर केल्या. फोन तसाच कानाला, आणि तोंडातून शब्द नाही.

"पोरी," मी म्हटलं, "त्याला ते दिसत नाही. तोंडाने बोल."

"हो," ती म्हणाली. साहेब पुन्हा काहीतरी बोलला, तेव्हा तिने तेच आणखी मोठ्याने सांगितलं.

मेलेआना आमच्याच खोलीत मोकळी झाली. पोरगी जन्मताच रडली, आणि तिच्या आईच्या आधी मी रडले.