जागच्या जागी बोल्ट

"ओढा, साहेब," बोनेटखाली डोकं घातलेला देवराव मिस्त्री म्हणाला.

मधुकरराव वकिलांनी सेल्फची घुंडी ओढली. इंजिनातून एकदाच टक असा आवाज आला आणि पुन्हा सगळं गार.

"अहो, बॅटरीच उतरली आहे," वकील वैतागून म्हणाले. " परवाच चार्ज करून आणली होती. हा रात्रभर दिवे चालू ठेवतो आणि सकाळी मलाच विचारतो, गाडीला काय झालं म्हणून."

'हा' म्हणजे धोंडबा. लँडमास्टर घेतली त्या दिवसापासून पंधरा वर्षं तोच ती चालवत होता. आज मात्र तो पोर्चच्या पायरीवर बसला होता आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. सेल्फ लागेना म्हणून चार दिवस त्यानं हँडल मारून गाडी सुरू केली. पाचव्या दिवशी हँडल उलटं फिरलं आणि मनगट मोडून गेलं. साठीतलं हाड ते.

"दिवे लावले नव्हते, साहेब," धोंडबा हळूच म्हणाला.

"मग काय भुतानं उतरवली?"

कुंपणापलीकडे शेजारचे प्रोफेसर पेपर हातात धरून ऐकत उभे होते. त्यांचीही गाडी पुढच्या आठवड्यात देवरावकडे यायची होती. नागपूरच्या धरमपेठेतल्या सात-आठ गाड्या शहराबाहेर वाडीला त्याच्या टिनाच्या शेडमध्ये येत, त्या धोंडबाच्या शब्दावर. धोंडबाच सगळ्यांना सांगत फिरे, गाडी द्यायची तर देवरावले द्या.

"साहेब, आता दिवे लावा. लावलेलेच राहू द्या आन् पुन्हा ओढा."

समोरच्या भिंतीवर दिव्यांचे दोन गोल उमटले. घुंडी ओढली तरी गोल तसेच लख्ख राहिले.

"बॅटरीत दम हाये. उतरली असती त दिवे मंदावले असते."

"आयकलं का, साहेब?" धोंडबाचा चेहरा उजळला. "मी म्हणत नव्हतो?"

"मग रोग काय आहे?"

देवरावनं सवयीनं एकेक वायर चाचपली. चोकच्या तारेला बोट लागलं आणि त्यानं झटकन हात मागे घेतला. तार चुलीतल्या सळईसारखी तापली होती. वरचं कव्हर करपलं होतं.

त्या क्षणी त्याला सगळं कळलं. सेल्फ फिरवायला निघालेला करंट परत बॅटरीकडे पोचावा लागतो. इंजिन बसलेलं असतं रबरावर, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चेसिस यांच्यात तांब्याची विणलेली एक पट्टी जोडतात. ती पट्टी नसली की करंट बिचारा चोकच्या बारीक तारेतून वाट काढतो आणि तार भाजून निघते. आणि या गाडीची रबरं मागच्याच आठवड्यात बदलली होती. बदलणारा देवराव.

तो पाठीवर सरकत गाडीखाली गेला. पट्टी एका बाजूला दुमडून ठेवली होती, त्यानं ठेवली होती तशीच. तिचा बोल्ट मात्र आपल्या भोकात घट्ट बसलेला होता.

ही त्याची रीत. काही उतरवलं की बोल्ट लगेच जागच्या जागी फिरवून ठेवायचा, म्हणजे हरवत नाही. इतर गॅरेजात काम संपलं की बशीत दोन-चार बोल्ट उरतात. देवरावकडे वीस वर्षांत एक उरला नव्हता, आणि हे तो चारचौघांत छाती काढून सांगे. त्या दिवशी बोल्ट जागेवर दिसला, त्यानं तो पान्यानं आवळला. खाली पट्टी नाही हे पाहिलंच नाही. बोल्ट बशीत उरला असता तर त्या बोल्टानंच पट्टीची आठवण करून दिली असती. शिवाय नव्या रबरावरचं इंजिन पहिल्यांदा हातानंच फिरवायचं, हीही त्याचीच रीत. हँडलच्या एका फेऱ्यात गाडी लागली होती, सेल्फ ओढून पाहायची वेळच आली नव्हती आणि धोंडबा हसत घेऊन गेला होता.

गाडीखाली देवरावचे कान तापले. बाहेरून धोंडबाचा आवाज आला, "घाई नका करू, साहेब. देवराव हाये तो. शोधल्याबिगर उठत नाही."

त्यानं बोल्ट काढला, पट्टी लावली, बोल्ट आवळला. दोन मिनिटांचं काम. तरी तो कितीतरी वेळ तसाच पडून राहिला. बाहेर येताना 'माहीच चूक हाये, साहेब' हे शब्द जिभेवर होते. पण उठून उभा राहिला आणि कुंपणापलीकडचे प्रोफेसर दिसले.

"अर्थिंगची पट्टी सुटली होती, साहेब."

"सुटली कशी?"

"होते कधी कधी. धक्क्यानं."

"म्हणजे यानं कुठंतरी खड्ड्यात आदळली. मी म्हणतच होतो, याला आता दिसत नाही नीट."

धोंडबा उभा राहिला. "खड्डा त नाही लागला, साहेब..." त्यानं देवरावकडे पाहिलं. देवराव बोळ्यानं हात पुसत होता, पुसलेलंच बोट पुन्हा पुसत होता. मिस्त्री म्हणतो आहे म्हणजे तसंच असणार, असं काहीसं म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आलं. तो खाली बसला.

"लागला असंन, साहेब. ध्यानात नाही राह्यलं."

वकिलांनी घुंडी ओढली. इंजिन घुर्रकन लागलं. प्रोफेसर कुंपणापलीकडून 'वा मिस्त्री!' म्हणाले.

"धोंडबा, तू आता बेस्याला, तुझ्या गावी जा, घरी आराम कर," वकील म्हणाले. "या हातानं काय गाडी चालवणार? आणि नजरेचं असं झालंय."

फाटकापर्यंत धोंडबा देवरावला पोचवायला आला. "तू आला म्हणून बॅटरीचा तरी आळ गेला गा," तो म्हणाला आणि डावा हात उचलून जयभीम केला.

प्रोफेसरांची गाडी आली, दुरुस्त होऊन गेली. देवराव ताटावरून अर्धपोटीच उठू लागला.

"काहून जी, भाजी खारट झाली का?" त्याच्या बायकोनं, कांताबाईनं, विचारलं.

"भाजीले काय धाड भरली," तो म्हणाला. पंधराव्या दिवशी शेडला कुलूप लावून तो सायकलनं बेस्याला गेला.

धोंडबा पडवीत बसला होता. त्याच्या बायकोनं, तुळसाबाईनं, पाणी दिलं. तांब्या हातात तसाच धरून देवरावनं सगळं सांगितलं. पट्टी, बोल्ट, धक्का, सगळं.

धोंडबानं प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, "म्हणजे खड्डा नव्हताच?"

"नव्हता, दादा."

"पंधरा दिवस मी तो खड्डा शोधून राहिलो, देवराव. रात्री पडल्या पडल्या एकेक रस्ता आठवतो. कोर्टाचा, स्टेशनाचा, साहेबाच्या सासुरवाडीचा. खड्डा भेटतच नाही. मले वाटलं, आता डोळ्यासंगं डोकंबी गेलं."

"माफ कर, दादा."

"मले काहून सांगतं हे? इथं कोणाची गाडी हाये? तिथं सांग."

"आता सांगून हात जुळते का?" तुळसाबाई फणकारली.

"हाताचं नाही म्हणून राहिलो मी. माहा पांढरा सदरा काढ."

बटणं तिनंच लावून दिली. सायकलच्या मागे बसून धोंडबा धरमपेठेपर्यंत आला.

वकील कुठंतरी निघाले होते. नवा ड्रायव्हर भैयाजी काच पुसत होता. देवरावनं उभ्या उभ्याच सांगितलं, जिभेला अडखळू न देता. "पट्टी मीच लावाची विसरलो होतो, साहेब. धोंडबादादानं गाडी कुठंच आदळली नाही. त्याचा हात माह्यापायी मोडला."

वकिलांनी चष्मा काढला, पुसला. मग त्यांनी देवरावच्या खांद्यावर हात ठेवला. "आपण होऊन येऊन कबूल केलंत. असा मिस्त्री नागपुरात मिळायचा नाही. प्रोफेसरांनाही सांगतो मी."

देवरावला वाटलं, पोर्चची फरशी फाटावी आणि आपण खाली जावं.

"साहेब, माहं नाही... दादाचं..."

"हो हो, समजलं. धोंडबा, तुझी चूक नव्हती, बरं का. पण आता भैयाजीला शब्द दिलाय. त्याला कसं काढू?"

"नाही, साहेब. काढू नका," धोंडबा म्हणाला. "तेवढं समजलं, बस झालं."

वकील मागे बसले, पेपर उघडला. गाडी उलटी काढायची होती आणि फाटकाचे खांब अडचणीचे. भैयाजी मान वळवून वळवून पाहत होता, दोनदा थांबला. धोंडबा आपला चालत रस्त्यावर गेला, मधोमध उभा राहिला आणि त्यानं डावा हात वर केला.

"येऊ द्या... येऊ द्या... जरा डावीकडे वळवा... सीधा... बस."

गाडी खांबाला न घासता बाहेर आली. पेपराआडून मान वर झाली नाही. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत धोंडबा पाहत राहिला. मग फाटकाकडे वळला. लोखंडी फाटक एका हाताला आवरत नव्हतं. देवराव पुढे झाला.

"राहू दे," धोंडबा म्हणाला.

त्यानं खांदा लावून फाटकाचं एक दार ढकललं, मग दुसरं. प्लास्टरच्या कोपरानं ते दाबून धरलं आणि डाव्या हातानं कडी बसेपर्यंत तो तिथून हलला नाही.