जीपपुढचा माणूस

खडकांवरच्या शर्यतीत, अवघड जागी उतरून पारसशेठच्या जीपपुढे चालत, ती चढावी म्हणून चाकांखाली दगड लावणं, हे माझं काम. धुळ्याजवळची छोटी शर्यत एक किलोमीटर खडकाची, दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी. तिथं माझी बोटं चाकाखाली चेंगरली, तर शेठनी जीप सोडली, शर्यत सोडली, स्वतःच्या रुमालानं माझा हात बांधला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सातपुड्यातली मोठी शर्यत साठ किलोमीटरची. चाळिसाव्या किलोमीटरला, चिटपाखरूही नसलेल्या नाल्यात, माझा पाय चाकाखाली आला. शेठनी जीप मागे घेतली, मला वळसा घातला आणि ते पुढे निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी गुराख्यांना दिसलो.

पाय कापल्यावर दवाखान्यात बायकोनं मोबाइलवर शेठची मुलाखत दाखवली. कुठली शर्यत अवघड, असं कोणीतरी विचारत होतं.

"छोटी," गळ्यातला हार सारखा करत शेठ म्हणाले. "तिथं थांबावं लागतं."