बसलेला बर्फ

जपानच्या डोंगरातल्या ओनागी गावी खांबावर त्या सकाळी बर्फ तीन मीटर चाळीस भरला, आणि किहेईला तो कमी वाटला.

सत्तावन्न वर्षांचा किहेई सोळा हिवाळे शाळेमागच्या पटांगणात रोज सकाळी नऊला बर्फ मोजत होता. खुणा केलेल्या खांबावरून एकूण खोली वाचायची. मग शेजारच्या पांढऱ्या फळीवर दिवसभरात साठलेला नवा बर्फ पट्टीने मोजायचा, फळी झाडायची आणि ती ताज्या बर्फावर पुन्हा ठेवायची. हे दोन आकडे फोनवरून हवामान कचेरीला सांगितले की काम संपलं. संध्याकाळी रेडिओवर डोंगरातल्या सगळ्या गावांचे आकडे वाचून दाखवत. १९८१च्या त्या जानेवारीत बर्फ असा काही कोसळत होता की लोक हातातला घास हातात ठेवून ते आकडे ऐकत.

रोज पहिलं नाव तोचिकुराचं यायचं.

तोचिकुरा याच नदीच्या काठाने वर दीड तासाच्या चढावर होतं. तिथे मोजायचं काम इसाकुकडे होतं. किहेई आणि इसाकु एका बाकावर बसून शिकले, एकाच साली सैन्यात गेले आणि एकाच साली परतले. पुढे इसाकुच्या घरून मासानोसाठी मागणं गेलं. ती तोचिकुराचीच, त्याच्या शेजारच्या घरातली. मासानोच्या बापाने बरेच दिवस हो-नाही केलं आणि शेवटी ओनागीचं स्थळ पसंत केलं, कारण ओनागीला सपाट शेत जास्त होतं. किहेईला हे लग्नानंतर चार वर्षांनी कळलं, तेही एका बारशात, प्यालेल्या माणसाच्या तोंडून. तेव्हापासून त्याच्या मनात एक हिशेब उघडाच राहिला होता. आपल्याला पसंत केलं की आपल्या शेताला?

"तोचिकुरा, तीन मीटर ब्याण्णव," रेडिओ बोलला.

मासानो कोतात्सुच्या, म्हणजे शेगडीवरच्या बुटक्या मेजाच्या, रजईत पाय घालून मुळ्याचं लोणचं चिरत होती. "ऐकलंत? आमच्या माहेरचा बर्फ," ती म्हणाली.

"ऐकलं."

"लहानपणी आम्ही वरच्या खिडकीतून शाळेला जायचो. इसाकु पुढे जाऊन वाट तुडवायचा."

"तुडवली असेल. त्याला दुसरं काय काम होतं?"

ती हसली. तिला त्याची थट्टा करायची सवय होती, आणि ती कुठे टोचते हे तिला कधी नीट कळलं नव्हतं. किहेईला ती "अहो" म्हणायची. इसाकु क्वचित कधी भेटला तर सरळ "अरे इसाकु" म्हणायची. तीस वर्षांत त्याला त्या एका "अरे"ची सवय झाली नव्हती.

"तो लबाडी करतो," किहेई म्हणाला. "फळी दिवसातून एकदा झाडायची असते. तो दर तीन तासांनी झाडत असणार. ताजा बर्फ कापसासारखा असतो, पोकळ. पडून राहिला की आपल्याच वजनाने खाली बसतो. बसायच्या आत मोजला आणि सगळं जोडत गेलं, की आकडा फुगतो."

"खांबाचं काय मग? खांब कोण फुगवतं?"

किहेईने रेडिओ बंद केला. खांबावरचा आकडा कुणी झाडून फुगवू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीही आकडा तोच होता, पण दुपारी वारा फिरला आणि पाऊस आला. जानेवारीत डोंगरात पाऊस, म्हणजे नकोसा पाहुणा. रात्रभर तो बर्फात जिरत राहिला. सकाळी किहेई खांबापाशी गेला तेव्हा आकडा तीन मीटर पाचवर आला होता. एका रात्रीत पस्तीस सेंटीमीटर गेले. त्याने दोनदा वाचलं. बर्फाचा पृष्ठभाग करडा झाला होता आणि पाय ठेवला तर आत न रुतता कचकच वाजत होता. कुणीतरी आपल्या गल्ल्यात हात घातल्यासारखं त्याला झालं. वर तोचिकुराला थंडी जास्त. तिथे पाऊस नसेल पडला, तिथे बर्फच पडला असेल. आज संध्याकाळी रेडिओ काय वाचणार ते त्याला आत्ताच दिसत होतं.

घरी येतो तो फोन वाजत होता. मासानो गोठ्यात बैलाला चारा घालायला गेली होती, म्हणून त्यानेच उचलला.

"किहेई, मी इसाकु."

"बोल."

"तुझा आकडा खाली आला असेल ना?"

"तुला काय करायचंय?"

"अरे, ऐक तर. खांबावर खोली दिसते, वजन नाही दिसत. मी गेली दोन वर्षं पत्र्याचा डबा खुपसून बर्फ कापतो आणि तराजूवर घालतो. माझा चार मीटर बर्फ कोरडा आहे, हलका. तुझा तीन मीटर माझ्यापेक्षा जड भरेल. तो कमी नाही झालेला, दबलाय. त्यात पाऊसही मुरलाय. छपरावर दीड-पावणेदोन मीटर असेल ना, तर एका तातामी चटईएवढ्या जागेवर जवळजवळ टनभर ओझं धर. लोकांना सांग, आजच्या आज छपरं मोकळी करा. तुझा गोठा तर जुना आहे."

"माझा गोठा तू कधी पाहिलास?"

"मासानोच्या भावाने सांगितलं. म्हणून म्हटलं, आधी तो—"

"माझा तीन मीटर तुझ्या चारपेक्षा भारी, असं म्हणायचंय ना तुला? समजूत घालतोयस माझी?"

इसाकु म्हणाला, "समजूत कसली घालू? मी छपराचं बोलतोय."

"छपरं कधी मोकळी करायची ते ओनागीला कळतं," असं म्हणून किहेईने फोन ठेवला.

मासानो बादली घेऊन आत आली. "कुणाचा होता?"

"कचेरीचा."

खोटं किती सहज निघालं याचं त्याला जरा नवल वाटलं, पण वाईट वाटलं नाही. मासानोच्या भावाकडून गोठ्याची चौकशी करतो म्हणजे काय? अजून काय काय विचारत असेल? त्या दुपारी शेजारचे दोघे-तिघे छपरावर चढले. त्यातल्या एकाने हाक मारून विचारलंही, "किहेई-सान, काय करायचं? उतरवायचा का सगळा?"

किहेईने वर पाहिलं. "आकडा उतरलाय. घाई नाही," तो म्हणाला. लोक त्याचा शब्द मानत. शेजाऱ्यांनी घरांची छपरं तेवढी मोकळी केली आणि कोठारं, गोठे उद्यावर ढकलले. किहेईने गोठ्याकडे पाठ केली. इसाकुने सांगितलं म्हणून आपण फावडं उचलायचं हे त्याच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास तो गोठा बसला.

आधी बंदुकीसारखा एक आवाज झाला, तो आढ्याचा. मग बराच वेळ काहीतरी घसरत, दळत खाली येत राहिल्यासारखा दुसरा. किहेई अंगणातल्या बर्फाच्या पायऱ्यांवर होता. त्याने वळून पाहिलं तेव्हा गोठ्याच्या जागी एक पांढरा ढिगारा होता आणि त्यातून दोन वासे वर आले होते. मासानो पाच मिनिटांपूर्वी आत गेली होती.

तो धावला. लाकडी फावडं घातलं तर ते टणकन परत आलं. छपरावर हलका वाटणारा बर्फ पडताना आदळून असा घट्ट झाला होता की खणणं सोडाच, त्यात बोट शिरेना. गावातले सगळे आले. फावड्याचे दांडे मोडले. कुणी कुऱ्हाड आणली, पण आत माणूस असताना कुऱ्हाड कुठे घालणार? आतून बैलाचा धापा टाकल्यासारखा आवाज येत होता. तेवढ्या आवाजावर किहेई जीव टांगून होता, कारण मासानोचा आवाज येत नव्हता.

तोचिकुराला फोन कुणी केला ते त्याला कधीच कळलं नाही. पायाला कांजिकी, म्हणजे बर्फात रुतू न देणाऱ्या लाकडी चौकटी, बांधलेली पाच माणसं नदीच्या काठाने उतरून आली तेव्हा दुपारचा एक वाजला नव्हता. दीड तासाची वाट त्यांनी तेवढ्या बर्फातून दोन तासांत पार केली होती. पुढे इसाकु होता, पाठीला लांब दातांची बर्फाची करवत बांधलेली.

त्याने किहेईकडे पाहिलं, काही विचारलं नाही. ढिगाऱ्याभोवती एक फेरी मारली, दोन ठिकाणी कान लावला आणि म्हणाला, "खणू नका. खणाल तर सगळं आत ढासळेल. विटा कापतो तसा कापायचा. मी कापतो, तुम्ही उचला."

मग करवत चालू लागली. दबलेल्या बर्फाचे चौकोनी ठोकळे निघू लागले, एकेक असा जड की दोघांना धरावा लागे. कापलेल्या बाजूवर थर स्पष्ट दिसत होते. डिसेंबरचा, नववर्षाचा, आणि मध्ये बोटभर जाडीचा काचेसारखा पावसाचा. किहेई ठोकळे उचलत होता. हात सोलले होते. तरी डोक्यात एक कोपरा असा होता की तो इसाकुच्या हाताकडेच बघत होता, आणि तो हात किती सरावाने चालतोय हे त्याला खुपत होतं. आपली बायको खाली आहे आणि आपल्याला हे सुचतंय, याची त्याला लाज वाटली. पण लाजेने ते खुपणं थांबलं नाही.

अडीचच्या सुमारास करवत पोकळीत गेली. इसाकुने खांद्यापर्यंत हात आत घातला.

"मासानो?"

आतून बारीक आवाज आला. "अरे इसाकु, तू कसा इथे?"

ती जिवंत होती. आणि त्याच क्षणी, ती जिवंत आहे या आनंदाच्या अगदी चिकटून, तो जुना काटा रुतला. पहिलं नाव त्याचं निघालं.

"किहेई इथेच आहे," इसाकु आत वाकून म्हणाला. "तोच काढतोय तुला." आणि तो बाजूला सरला. ढोपर टेकून, करवत बर्फात रोवून, त्याने भोकाची जागा किहेईला दिली.

आढं गव्हाणीवर तिरकं अडकलं होतं आणि त्याखाली मासानो बैलाच्या पोटाला टेकून पडली होती. बैलाच्या उबेने ती वाचली. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि एक पाय बधिर झाला होता. तिला उखडलेल्या दाराच्या फळीवर निजवून खालच्या इस्पितळात नेलं. बैल संध्याकाळी स्वतःच्या पायांनी बाहेर आला.

तोचिकुराची माणसं निघताना किहेईने इसाकुला अंगणात गाठलं. गावकरी इतरांना साके, तांदळाची दारू, पाजत होते.

"फोनचं," किहेई म्हणाला, "सांगितलंस का कुणाला?"

"कुठला फोन?" इसाकु कांजिकीची दोरी आवळत म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "छपरं मोकळी करून घे उद्या. अजून येणार आहे." आणि तो आपल्या माणसांबरोबर चढाला लागला.

किहेईला वाटलं, याने ओरडायला हवं होतं. चार लोकांत आपले वाभाडे काढायला हवे होते. गप्प राहून तो अजून एक पायरी वर चढून बसला, आणि ही पायरी आपल्याला कधी चढता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून तो घरोघर गेला आणि प्रत्येकाला सांगितलं, "परवा घाई नाही म्हणालो ते माझं चुकलं. उतरवा सगळा." फावडी घेऊन लोक वर चढले.

मासानो नऊ दिवसांनी घरी आली. हात गळ्यात बांधलेला होता. किहेईने तांदळाची पेज केली, जरा करपवली, आणि वाडगा तिच्यापुढे ठेवून समोर बसला.

"त्या दिवशीचा फोन कचेरीचा नव्हता," तो म्हणाला. "इसाकुचा होता. गोठा आधी मोकळा कर म्हणाला. मी ऐकलं नाही."

तिने चमचा खाली ठेवला. "का?"

"त्याने सांगितलं म्हणून."

तिने वाडगा बाजूला सारला. "म्हणजे माझ्यासाठी ऐकलं नाही, बैलासाठीही नाही. त्याच्यावर जळत होतात म्हणून?"

"हो."

"तीस वर्षं?"

"सव्वीस. पहिली चार मला माहीत नव्हतं."

तिला हसू आलं असावं, कारण खांदा हलला आणि ती कळवळली. मग तिचा चेहरा कठीण झाला. "मला कुणी विचारलंच नव्हतं तेव्हा," ती म्हणाली. "ना त्याच्याबद्दल, ना तुमच्याबद्दल. बाबांनी शेत बघितलं. मी नंतर इथे राहून ठरवलं. ते तुम्हाला दिसलं नाही, रेडिओ मात्र रोज ऐकू आला."

त्यानंतर ती आठ दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलली. नवव्या दिवशी म्हणाली, "बर्फ तोलायचा डबा कसा करतात ते वर जाऊन विचारून या. फोनवर नको. जाऊन विचारा."

किहेईने कांजिकी बांधली. चढ त्याला पूर्वीपेक्षा जास्त लागला, आणि मत्सर काही वाटेत गळून पडला नाही. इसाकुच्या घराचं छप्पर लांबून दिसलं तेव्हा ते आपल्यापेक्षा नीट मोकळं केलंय हे त्याच्या लक्षात आलंच. तरी तो दारापर्यंत गेला, पायातला बर्फ झटकला आणि हाक मारली.