रागाची वही

धाकट्याचा राग सगळ्या गल्लीला ठाऊक होता. तो चष्मे दुरुस्त करायचा. सुईच्या टोकाएवढे स्क्रू चिमट्याने बसवताना जगातला सगळा संयम त्याच्याकडे असायचा, आणि घरी चहा जरा गार मिळाला की कपाचा निकाल लागायचा. लोक त्याला तोफखाना म्हणत. त्याची थोरली बहीण, ताई, त्यावर हसायची. पण हसताना एक डोळा दाराकडे असायचा.

आईवडिलांच्या मागे दोघंच उरलेली. एकदा त्याने फेकलेली इस्त्री तिच्या कानाजवळून गेली, तेव्हा ती त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "हा आजार स्वभावाच्या घडणीतलाच आहे. दर आठवड्याला इथे बसून बोलायचं, हाच खरा उपचार. ही गोळी मुळात भास-भ्रमावरची. कमी मात्रेत दिली तर भडका जरा आवरतो. पण थोडेच दिवस. हात कडक झाले तर लगेच कळवा." मग ताईच्या हातात एक वही दिली. "रोज काय झालं ते लिहा. वही कोरी राहायला लागली की गोळी कमी करू."

महिन्याभरात वही कोरी राहू लागली. ताई दुपारची डोळा मिटून पडू लागली, जे तिने कित्येक वर्षांत केलं नव्हतं. आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं: आता गोळी कमी होणार!

त्याच दिवशी तिच्या हातून एक बशी फुटली. तिने वहीत लिहिलं, 'बशी फोडली.' एकदा सुरुवात झाल्यावर पेन कुठलं थांबतंय. 'शिव्या दिल्या.' 'मंगळवारी माझ्यावर हात उगारला.' मंगळवारी तो बिचारा संध्याकाळपासूनच घोरत पडला होता.

बाईंनी वही वाचून मात्रा वाढवली. त्याच आठवड्यात धाकट्याची बोटं आखडली, स्क्रू निसटायला लागले. "होतं असं थोडे दिवस," ताई त्याला म्हणाली आणि बाईंना तिने काहीच कळवलं नाही. दुकानाच्या मालकाने त्याला घरी बसवलं. पूर्वीचा धाकटा असता तर दुकानाची एक काच शिल्लक राहिली नसती. हा मान खाली घालून घरी आला.

पुढच्या भेटीत त्याचे हात बघून बाई चपापल्या. "हे मला आधी का नाही सांगितलं? गोळी आजपासूनच कमी करायची."

"नको बाई," धाकटा म्हणाला. "मी वही वाचली. मी ताईवर हात उगारला. मला आठवतसुद्धा नाही! असं होणार असेल तर हे हात आखडलेलेच बरे."

ताईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "बाई, तसं काही झालंच नाही," ती म्हणाली. "बशी माझ्या हातून फुटली. बाकीचं मी मनानं लिहिलं. घर शांत झालं होतं, ते मला सोडवेना." तिला वर बघवेना. स्वतःच्या भावाला तिने गोळ्या चारून गप्प बसवलं होतं, आणि वर गल्लीभर सोशिक म्हणून मिरवत होती.

बाईंनी मात्रा निम्मी केली आणि वही स्वतःकडे ठेवून घेतली.

जिना उतरताना धाकटा थांबला. "ताई." आता हा ओरडणार, असं तिला वाटलं. ओरडू दे, तिने मनाची तयारी केली.

"माझ्यासाठी बाईंपुढे खोटं कशाला बोललीस गं?" तो म्हणाला. "माझे हात बघवत नाहीत तुला, कळतं मला."

"खरंच सांगते रे! तू नाही उगारलास हात. शपथ!"

"राहू दे. वहीत तारीखवार लिहिलंयस. इतकी वर्षं झाकत आलीस माझं, आता पुरे." त्याचा आवाज अगदी मऊ होता. "पुन्हा नाही होणार."

मग त्याने दोन्ही हात खिशात घातले आणि तिच्यापासून दोन पायऱ्या अंतर ठेवून तो उतरू लागला.