मोटारीचा तिसरा पट

गळ्याशपथ, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. ज्याले खोटं वाटन त्यानं आत्ताच उठून जावं.

खुशालरावानं मोटारीचं मोडकं दार दोरानं बांधलं, तीन गाठी मारल्या अन् आत बसलेल्या सुभद्रेले म्हटलं,

"आता बडनेऱ्यापर्यंत उतरायचं नाही, बाई."

सुभद्रा म्हणजे खुशालरावाच्या ड्रायव्हरची, गोवर्धनची बायको. मोटारीची टाकी गळे म्हणून काढून टाकली होती. पेट्रोलचा डबा कोणीतरी खांद्यावर धरून बसायचं, अन् रबरी नळीतून पेट्रोल खाली इंजिनात उतरायचं. डबा खांद्याखाली आला की इंजीन खोकलून बंद. हे काम देवमन मेकॅनिकचं. तो तापानं फणफणलेला. दुसरं कोणी बसायले तयार होईना.

साल सत्तावन. मुर्तिजापूर ते बडनेरा, दोन मोटारीची शर्यत. पहिल्या साली अकोल्याच्या महादेवरावाची मोटार जिंकली, दुसऱ्या साली गोवर्धन. आजच्या पटानं ढाल कोणाची ते ठरणार होतं. लोकायले बैलायच्या शर्यतीचा शंकरपट ठाऊक, म्हणून मोटारीलेही तेच सोपस्कार. बोनेटले हळद-कुंकू लागलं, चाकापुढं नारळ फुटला. एका म्हातारीनं तर मोटारीपुढं कडब्याची पेंडीच टाकली.

"आजचा पट मारला का चैत्रात चिखलदऱ्याच्या घाटातली शर्यत, गोवर्धन," खुशालराव म्हणाले. "मोटार सुसाट खाली उतरवायची. नागपूरवाल्यायची जिरवू."

महादेवरावाले फक्त ढाल पाहिजे होती. खुशालरावाले घाट. त्याच घाटात गेल्याच्या मागच्या चैत्रात त्यायचा आधीचा ड्रायव्हर डोमाजी मोटारीसकट दरीत गेला होता. त्याचं मढं आणलं त्या बैलगाडीमागं गोवर्धन घरापर्यंत पायी आला होता.

"हो, मालक," गोवर्धन म्हणाला. नोकरी मालकाची, राहायची खोलीही मालकाचीच.

खुशालराव रेल्वेनं पुढं बडनेऱ्याले गेले, मंग झेंडी पडली. मोटार अशी सुटली की तिची सावली मुर्तिजापुरातच राहिली, संध्याकाळी पायी पायी घरी आली. सुभद्रेच्या तोंडात धूळ, खांद्यावर डबा, पदर पेट्रोलनं ओला.

"नाही म्हनता नाही आलं तुमाले?" ती ओरडली.

"तू म्हनून पाह्य!"

"मले तं बांधून ठेवलं!"

"मंग मले काय सोडलं?"

मागं महादेवरावाच्या मोटारीची धूळ दिसत होती, पण लांब. गोवर्धनचे दोन्ही हात स्टेरिंगवर असे घट्ट होते की नखं पांढरी पडली. त्याले हळू चालवता येतच नव्हतं. रस्ता मोकळा दिसला की त्याचा पाय आपोआप खाली जाय.

बडनेऱ्याचा नाका दिसला. बँड वाजून राहिला होता. मुठीत गुलाल घेऊन लोक उभे होते. दोनशे पावलं राहिली असतील, तेवढ्यात मोठ्ठा खड्डा आला. मोटार उसळली. डबा सुभद्रेच्या खांद्यावरून मांडीवर आला. इंजीन दोनदा खोकललं अन् गप झालं.

"उचल," गोवर्धन म्हणाला.

"हात मेला माहा."

महादेवरावाची मोटार भोंगा वाजवत बाजूनं निघून गेली. नाक्यावर गुलाल उडाला.

गोवर्धन खाली उतरला. बोनेट उघडलं. नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. कुठं चीर नाही, गाठ नाही. डब्यात अर्ध्याच्या वर पेट्रोल. त्यानं एकदा सुभद्रेकडं पाहिलं. ती समोर सडकेकडं पाहून राहिली होती.

खुशालराव धोतर सावरत धावत येऊन राहिले होते. गोवर्धननं खिशातला चाकू काढला, नळी मधोमध कापली अन् चाकू परत खिशात टाकला.

"काय झालं बे?"

"नळी फाटली, मालक."

खुशालरावानं ते दोन तुकडे हातात घेतले, फेकले अन् मागं न पाहता नाक्याकडं चालू लागले. गोवर्धन पायरीवर बसला.

"लय दुखला का हात?" त्यानं विचारलं.

"थोडासा," ती म्हणाली.

आता आन घेतली आहे तर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तो खड्डा म्या मनचा टाकला. बडनेऱ्याच्या नाक्यापाशी तवा असावा तशी सपाट सडक होती.