ब्लाजेनाचं पॅडल आणि मी

मी जॉयस्टिक बोलतेय, ब्रनो शहरातल्या एका तळघरातून, बटाट्यांच्या पेटीमागून.

आमचं घराणं मोठं बरं का! मूळ पुरुष विमानात होता, वैमानिकाच्या गुडघ्यांमध्ये. मग आम्ही कॉम्प्युटरला चिकटलो. कुणाच्या पोटात पत्र्याच्या पट्ट्या, कुणाच्या पोटात टकटक वाजणारे स्विच, कुणी बुडाला रबराच्या वाट्या लावून टेबलाला घट्ट. माझ्या पोटात मात्र टेलिफोन एक्स्चेंजच्या भंगारातल्या पट्ट्या, आणि मूठ जुन्या कानशीची.

मला घडवलं ब्लाजेनानं. ती एक्स्चेंजमध्ये दुरुस्तीचं काम करायची. तिच्या नवऱ्याचा, विलेमचा, डावा हात कारखान्यातल्या प्रेसखाली गेला होता. रविवारी शेजारचा लुमीर दुकानातली जॉयस्टिक घेऊन कॉम्प्युटरवर विमानं पाडायचा खेळ खेळायला यायचा. एका हातानं दांडा धरायचा, दुसऱ्यानं गोळीचं बटण दाबायचं. विलेमला कसं जमणार?

"तू आपली बिअर पी आणि बघ," लुमीर म्हणायचा.

विलेम हसायचा. ते हसणं ब्लाजेनाला बघवेना. तिनं आपल्या शिलाई मशीनचं पायाचं पॅडल उघडलं. वेग कमी-जास्त करणारी तारेची गुंडाळी काढून एका डबीत जपून ठेवली. आता पॅडल नुसतं चालू नाहीतर बंद. गोळीच्या बटणाऐवजी ते तिनं माझ्या वायरीला जोडलं.

"तुझी हौस फिटली की परत बसवीन हं," ती म्हणाली.

त्या रविवारी विलेमनं लुमीरला धूळ चारली.

"लाथा मारून जिंकतोस होय रे?"

"तुला दोन हात असून जमेना, त्याला मी काय करू?"

ब्लाजेना दारात उभी राहून रडत होती आणि हसत होती. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

पण ह्या गृहस्थाची हौस काही फिटेना.

"अरे, पडदे शिवायचेत. पॅडल देतोस?"

"उद्या गं! आत्ताच तर डाव रंगात आलाय."

वर्षं गेली. देशाच्या सीमा उघडल्या, परदेशी मालानं दुकानं भरली. विलेमनं माझी नवी बहीण आणली. तिचा चाप मुठीतच, एका हाताचं काम.

"घे बाई तुझं पॅडल. शीव आता हवं तेवढं!"

"आणि माझी डबी?"

"ती होय? मासे धरायचे गळ ठेवायला घेतली केव्हाच. आत काहीतरी भंगार होतं, टाकून दिलं."

ब्लाजेना पॅडलपाशी वाकली. तिनं मला सोडवलं आणि पॅडल तसंच मशीनला लावलं. पाय ठेवताच सुई पिसाळल्यासारखी धावली, कापड गोळा झालं, दोरा तुटला. तिनं पॅडल काढून बाजूला ठेवलं आणि मशीनवर झाकण घातलं.

"काय गं, शिवतेयस ना?" आतून विलेमचा आवाज आला.

"हो, शिवतेय."

तेव्हापासून पॅडल आणि मी इथं पडून आहोत. जुन्या वस्तू जमवणारे हल्ली आमच्यासारख्यांना शोधत फिरतात म्हणे. मला काचेच्या कपाटात बसवतील, कौतुक करतील. जळो ते कौतुक! आलातच कुणी, तर आधी ह्या पॅडलमध्ये गुंडाळी बसवून ते वर नेऊन द्या. विलेम अजून विमानं पाडतोय, आणि ब्लाजेना खिडकीशी बसून हातानं टाके घालतेय.