दोन वास

बाबा गेल्यावर त्यांचा फोन मी बंद केला नाही. माझ्या फोनबरोबर तोही चार्जिंगला लावत राहिले. त्यावर बँकेचे, विजेच्या बिलाचे, कसल्या कसल्या जाहिरातींचे मेसेज यायचे. मे महिन्याच्या एकवीस तारखेला एक वेगळा आला. ‘प्रिय धर्मराज, बंगळूरसाठी दिलेले आपले पार्सल घातक वस्तू आढळल्यामुळे रोखण्यात आले आहे. सही करून परत न नेल्यास ते नष्ट केले जाईल. शिल्लक दिवस : चार.’

बंगळूरला मी राहते. म्हणजे पार्सल माझ्यासाठी होतं. आणि घातक हा शब्द बाबांच्या नावाशेजारी कधी येईल असं मला वाटलं नव्हतं.

बाबांनी नवी मुंबईत शिरवण्यामागच्या एमआयडीसीत एका कुरियर कंपनीच्या गोदामात चोवीस वर्षं काढली. सुरुवातीला ते हमाल होते. करावे गावातल्या आमच्या आळीतली बहुतेक माणसं खाडीवर नाहीतर सिडकोच्या कामावर होती, हे एकटेच खोकी उचलायला गेले. पुढे कंपनीने त्यांना शिकायला पाठवलं आणि घातक माल तपासण्याचं काम दिलं. काय विमानात चढवायचं नाही, काय कशात बांधायचं, कशावर कोणती चिकटपट्टी लावायची, याचं एक जाड इंग्रजी पुस्तक त्यांना मिळालं. बाबांचं शिक्षण नववीपर्यंतचं. मी तेव्हा आठवीत होते. मी पान वाचायचे, शब्दकोशातून अर्थ सांगायचे, ते वहीत मराठीत उतरवून घ्यायचे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं माझं पहिलं जाड पुस्तक ते. एकंदर नऊ वर्ग होते. स्फोटकं, वायू, पेटणारे द्रव. चौथ्या वर्गात पेटणारे घन पदार्थ, त्यात काड्यापेटी, आणि त्यातच कापूर. मी थांबले. देवाचा कापूर पण, असं विचारलं. बाबांनी वहीतून मान वर केली नाही.

“देवाचा हाय म्हनून काय पेटत नाय?”

हे नियम त्यांनी घरीही आणले होते. काड्यापेटी स्टीलच्या डब्यात. मी पहिल्यांदा विमानाने निघाले तेव्हा माझी बॅग उघडून त्यांनी नखांचा रंग काढायचं पाणी बाजूला ठेवलं आणि पॉवर बँक खांद्यावरच्या पिशवीत टाकली. एकदा माझ्या मामाने होडीच्या इंजिनाचा एक भाग दुरुस्तीसाठी कोचीनला पाठवायला आणला. बाबांनी तो नाकाशी धरला आणि परत दिला. मामा म्हणाला, दोन दिवस उन्हात ठेवलाय, पेट्रोल केव्हाच उडून गेलं. बाबा म्हणाले, उडाला म्हनून नव्हता असा नाय. मामा त्यानंतर दोन वर्षं आमच्या दारात आला नाही. आई मधल्या मध्ये रडायची. बाबांना त्याचं वाईट वाटायचं, पण त्यांनी तो भाग काही घेतला नाही.

असा माणूस. म्हणून मी दुसऱ्या दिवशीच्या विमानाचं तिकीट काढलं. काहीतरी चूक झाली असणार आणि ती दुरुस्त करून यायचं, एवढंच डोक्यात होतं.

गोदामाच्या फाटकावर मला घ्यायला रंजिता आली. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी बसलेली शिरवण्याची मुलगी. बाराव्याला ती घरी आली होती आणि कोपऱ्यात बसून न बोलता गेली होती. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालू लागली. मग चालता चालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, ते मीच पकडलं.”

तिने सांगितलं ते असं. बाबा जाण्याच्या तीन दिवस आधी, गुरुवारी, त्यांनी नेरूळच्या काउंटरवर पार्सल दिलं. शुक्रवारी ते तिच्यासमोर सरकत्या पट्ट्यावरून आलं. अर्जावर लिहिलं होतं : सुकट, पापड, जुने कपडे. घातक वस्तू आहे का, या रकान्यात ‘नाही’वर खूण आणि खाली सही. आमच्याकडून परगावी सुकट जातेच, त्यात काही नवीन नव्हतं. पण तिने खोकं नाकाशी धरलं.

“काकांनीच शिकवलेलं. दोन वास आले की एक लपवलेला असतो. वर सुकटीचा होता आणि खाली दुसरा. मी नाव वाचलं नव्हतं ताई. खोकं फोडल्यावर वाचलं.”

सुकटीच्या पिशवीच्या आत दुसरी पिशवी होती, तिच्या आत जुन्या साडीचा तुकडा, आणि तुकड्यात पितळेची डबी. डबीत कापूर होता. उडू नये म्हणून त्यात काळे मिरे टाकले होते.

ती माझ्या आईची डबी. देवाजवळ असायची. पण ती फक्त देवासाठी नव्हती. लहानपणी थंडीत, कंपन्यांचा धूर खाली बसला की माझी छाती भरायची. आई खोबरेल कोमट करायची, या डबीतला कापूर त्यात चुरडायची आणि माझी छाती आणि पाठ चोळायची. आई गेल्यावर बाबा चोळायचे. त्यांचे हात खरखरीत होते, मी ओरडायचे. यंदा जानेवारीपासून मला खोकला होता. फोनवर मी बोलण्यापेक्षा खोकतच जास्त होते. बाबा कापराचं म्हणाले, तेव्हा मी सांगितलं की इथेही कोपऱ्यावर मिळतो, पाठवू नका. ते म्हणाले, तो भेसळीचा. मी हसले आणि विषय बदलला.

मी रंजिताला विचारलं, बाबांना हे कळलं होतं का.

तिने त्याच दुपारी फोन केला होता. तिने विचारलं, काका, काय करू.

“काका म्हणाले, बराबर केलंस. लिव. माजा नाव हाय म्हनून सोडू नको. सोमवारी येतो, सही करतो.”

बाबा रविवारी सकाळी गेले. अंघोळीला पाणी काढताना. शनिवारी माझ्याशी बोलले तेव्हा मी विचारलं होतं, पाठवलंत का काही. अडकलाय, एवढंच म्हणाले. मला वाटलं, कुठे वाटेत.

मॅनेजरचं नाव चंद्रशेखर. नागपूरकडचा, माझ्याच वयाचा, आवाज हळू. त्याच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर बाबांचा फोटो होता. खोकं नाकाशी धरलेले बाबा, डोळे मिटलेले. नव्या मुलांना पहिल्या दिवशी या फोटोखाली उभं करून शिकवतात, हे मला माहीत होतं. बाबांनी निवृत्तीनंतर दोनदा तरी तो विषय काढला होता, सहज काढल्यासारखा.

चंद्रशेखरने पाणी दिलं आणि मग एक कागद पुढे केला. पाठवणाऱ्याने माहिती खोटी दिली होती, हे मान्य असल्याचं पत्र. पाठवणारा नसेल तर वारसाची सही चालते. सही केली की डबी मिळेल. कापूर इथेच राहील, डबी परत करता येते. पण मग बाबांचं नाव खोटी माहिती देणाऱ्यांच्या यादीत जाईल, आणि त्या यादीतल्या माणसाचा फोटो शिकवण्याच्या भिंतीवर ठेवता येत नाही, तपासणीला बाहेरची माणसं येतात.

“आणि सही नाही केली तर?”

“तर काही नाही मॅडम. सोमवारी माल नष्ट. पाठवणारा मयत, प्रकरण बंद, असं लिहितो. कोणाचं नाव कुठे जात नाही.” तो पुढे म्हणाला, “मला विचाराल तर तसंच करा. रूल काकांनीच लिहून दिलेला आहे, मला बदलता येत नाही.”

मी बाहेर बाकावर बसले. समोर पट्टा चालू होता. रंजिताने चहा आणला. तीही म्हणाली, नका करू सही. डबी काय, तशी दुसरी मिळेल. मग तिलाच ते बोलणं पटलं नाही.

दोन दिवस मी मनात एक वाक्य तयार करत होते. बाबांनी असं केलं नसेल. पत्राला जोडलेल्या अर्जावरची सही पाहीपर्यंत ते वाक्य टिकलं. त्यांची सही मी ओळखते. धर्मराज लिहून खाली एक रेघ, आणि रेघेवर दोन टिंबं. ती नेहमीसारखीच होती, हात हललेला नव्हता. इतकी वर्षं लोक काय काय कशात लपवतात ते त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यातलंच एक त्यांनी वापरलं होतं. तपासणाऱ्यालाच अशी युक्ती सुचते. फक्त, ती आपण शिकवलेल्या मुलीपुढून जायची आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. की आलं होतं, मला सांगता येत नाही.

मी म्हटलं, निदान डबी बघू द्या. साक्षीदारासमोर ओळख पटवायची सोय नियमात होती. आम्ही तिघं मागच्या शेडकडे गेलो. पत्र्याचं छप्पर, खाली जाळीचं कपाट. उन्हाने कपाटाची कडी हाताला चटका देत होती. दारावर पुठ्ठ्याची पाटी होती, बाबांच्या अक्षरात. ‘वाफ सोडणारी वस्तू झाकण घट्ट लावून ठेवू नये.’ ‘ठेवू’मधला ऊकार मी दुरुस्त करून दिल्याचं मला आठवतं.

सुकटीची पिशवी नव्हती. मुंग्या लागल्या म्हणून सहाव्या दिवशी टाकून दिली होती, त्याचीही नोंद होती. खालच्या फळीवर डबी होती आणि तिच्या शेजारी तिचं झाकण. पाटीप्रमाणे, काढून ठेवलेलं.

रंजिताने डबी उचलली, आत बघितलं आणि माझ्यासमोर धरली. तळाला सात मिरे होते. बाकी काही नव्हतं. दीड महिन्याच्या उन्हात कापूर उडून गेला होता.

सगळ्यात आधी रंजिताच्या लक्षात आलं. ती चंद्रशेखरकडे वळली आणि भराभर बोलू लागली. आता आत घातक असं काहीच नाही. मग पत्र कशाला? वस्तू आढळली नाही असं लिहायचं, साध्या पावतीवर ताईंची सही घ्यायची, डबी द्यायची. चंद्रशेखरने डबीत डोकावून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. तो म्हणाला, हो, असं करता येईल. फोटोलाही काही होणार नाही. त्याने खिशातून पेनसुद्धा काढलं.

दोघं माझ्याकडे बघत होते. चांगली माणसं होती. आपण या बाईसाठी काहीतरी करू शकलो, असं त्यांना वाटत होतं, आणि ते खरंही होतं. मला हवं ते दोन्ही मिळत होतं, डबी आणि नाव.

मला मामाचं इंजिन आठवलं. मामा नाक मुरडून अंगणातून निघून जाताना, आणि दारात बाबा, हात बाजूला सोडून उभे.

मी चंद्रशेखरला म्हटलं, “तो पहिला कागद द्या.”

रंजिताने “ताई” म्हणून माझा हात धरला. मी तिला सांगितलं की तिने बरोबर केलं होतं. आता वस्तू आढळली नाही असं लिहिलं, तर तिने काय पकडलं होतं? त्यावर ती रडायला लागली. हे तिच्यासाठी म्हटलं खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. बाबांनी आयुष्यात एकदा खोटं लिहिलं, ते माझ्यासाठी. तेही नव्हतंच असं म्हणायला माझी तयारी नव्हती.

कागद खोलीत जाऊन भरला. नाव, पत्ता, नातं. माल कोणता, याच्यापुढे मी कापूर लिहिलं. त्याखाली एक रकाना होता : माहिती न देण्याचं कारण. बहुतेक लोक तिथे ‘माहीत नव्हते’ लिहितात, असं चंद्रशेखर म्हणाला. त्याने ते सुचवण्यासाठीच म्हटलं असावं. बाबांना मात्र पान क्रमांकासकट माहीत होतं.

मी लिहिलं, ‘मुलीला खोकला होता.’ आणि सही केली.

चंद्रशेखरने वाचलं. शिक्का मारताना त्याने विचारलं, फोटो सोमवारी काढला तर चालेल ना. मी म्हटलं, आजच काढा, मी घेऊन जाते. त्याने खुर्चीवर चढून स्वतः काढला. भिंतीवर मागे पांढरा चौकोन राहिला. पट्ट्यावरची दोन मुलं बघत होती. त्यातल्या एकाने दुसऱ्याला काहीतरी विचारलं, दुसऱ्याने खांदे उडवले.

फाटकापाशी रंजिताने रिक्षा थांबवली, माझी पिशवी आणि झाकण लावलेली डबी माझ्याकडे दिली. मी फोटो मांडीवर पालथा ठेवला. खोकला जानेवारीतच सुरू झाला होता आणि मार्चमध्ये थांबलाही होता. ते बाबांना सांगायचं राहून गेलं होतं.

शिरवण्याचा पूल ओलांडल्यावर मी डबी उघडून नाकाशी धरली, डोळे मिटून, त्यांच्यासारखी. एकच वास येत होता, सुकटीचा.

रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, मासे आहेत का पिशवीत. मी नाही म्हटलं.